शके शून्य

इजिप्तमध्ये नाईलच्या काठी हर्मोपोलिस नावाचे शहर होते. त्याच्या परिसरात एपिमाकस नावाच्या जमीनदाराची शेती होती आणि तिचा कारभार डिडिमस नावाचा दिवाणजी पाहत असे. या डिडिमसने पपायरसच्या गुंडाळ्यांवर लिहून ठेवलेला जमाखर्च आज लंडनमध्ये आहे. तो जपला गेला तो त्यातल्या हिशोबासाठी नव्हे. पुढे कुणीतरी त्याच गुंडाळ्यांच्या कोऱ्या पाठीवर अ‍ॅरिस्टॉटलचा अथेन्सच्या राज्यघटनेवरचा ग्रंथ उतरवून घेतला. शतकानुशतके हरवलेला हा ग्रंथ १८९१ मध्ये छापला गेला, तो या पाठीवरच्या मजकुरावरून. पण मला ओढ आहे ती पुढच्या बाजूची. तिथे डिडिमसने वर्ष लिहिले आहे: सम्राट व्हेस्पासियनचे अकरावे.

व्हेस्पासियनच्या नावाची द्वाही अलेक्झांड्रियात फिरली ती १ जुलै ६९ रोजी. इजिप्तचे नवे वर्ष ऑगस्टअखेरीस, थोथ महिन्याच्या पहिल्या दिवशी लागे. म्हणून त्याचे 'पहिले वर्ष' जेमतेम दोन महिन्यांत आटोपले आणि लगेच दुसरे सुरू झाले. याच चालीने आज आपण ज्याला इसवी सन ७८ म्हणतो, त्या वर्षीच्या ऑगस्टअखेरीस अकरावे वर्ष लागले. सम्राट गेला की मोजणी पुन्हा एकपासून. व्हेस्पासियन पुढच्याच वर्षी, जून ७९ मध्ये वारला.

खुद्द रोममध्ये वर्षाला आकडा नव्हता, नाव होते. दरवर्षी दोन कॉन्सल पदावर येत आणि वर्ष त्यांच्या नावाने ओळखले जाई. दहा वर्षांपूर्वीचा एखादा करार केव्हाचा हे कळायला कॉन्सलांची यादी जवळ लागे. रोम वसल्यापासून मोजायचे तर हे ७८ चे वर्ष ८३१ वे भरते, पण तो हिशोब विद्वानांचा. बाजारात तो कुणी वापरत नसे. ग्रीक इतिहासकार ऑलिंपिक स्पर्धांवरून मोजत. त्यांच्या लेखी ७८ च्या उन्हाळ्यात २१४ व्या ऑलिंपियाडचे दुसरे वर्ष लागले. ज्यूंच्या पुढच्या काळातल्या गणनेप्रमाणे जगाच्या निर्मितीपासूनचे ३८३८ वे वर्ष त्या शरदात संपून ३८३९ वे सुरू झाले. जेरुसलेमचे मंदिर जळून तेव्हा आठ वर्षे झाली होती.

चीनमध्ये हान घराण्याचा सम्राट चांग गादीवर होता. तिथे सम्राट आपल्या कारकिर्दीतल्या कालखंडांना शुभनावे देत. ७८ हे चिएनछू या कालखंडाचे तिसरे वर्ष होते, आणि साठ वर्षांच्या चक्रातले पंधरावे, वाघाचे. याच तिसऱ्या वर्षी सेनापती बान छाओ याने काशगर, खोतान आणि आसपासच्या राज्यांतून दहा हजारांची फौज जमवली आणि आक्सूच्या बाजूचे एक तटबंदीचे शहर जिंकून घेतले. हान दरबाराच्या इतिहासात ही नोंद वर्षानिशी आहे. ही मोहीम मध्य आशियातल्या ज्या वाटांवर चालली होती, त्याच टापूत पूर्वी टोळ्यांची रेटारेटी झाली होती आणि शक लोक दक्षिणेकडे ढकलले जाऊन अखेर सिंधू ओलांडून आले होते. आपल्या गोष्टीचा, म्हणजे शक गणनेचा, धागा तिथून येतो.

तत्पूर्वी बाबिलोनियाच्या मैदानात थांबायला हवे, कारण वर्ष मोजण्याची एक मोठी युक्ती तिथे सापडली. अलेक्झांडरचा सेनापती सेल्युकस याने इ.स.पू. ३१२-३११ पासून आपली राज्यवर्षे मोजायला सुरुवात केली. तो मेल्यावर मुलगा अँटायोकस गादीवर आला. रिवाजाप्रमाणे त्याने एकपासून मोजायला हवे होते. त्याने तसे केले नाही. बापाचाच आकडा पुढे चालवला. त्याच्यामागून आलेल्यांनीही तेच केले. राजाच्या आयुष्याला बांधलेली गणना सुटली आणि काळ सलग मोजता येऊ लागला. व्यापारी, सावकार, ज्योतिषी या सगळ्यांची केवढी सोय झाली असेल! सेल्युकसाचे राज्य बुडाले, पार्थियन आले, तरी टायग्रिसकाठच्या सेल्युशियाच्या टांकसाळीत नाण्यांवर तोच आकडा उमटत राहिला. बाबिलोनी पद्धतीने ७८ च्या वसंतात सेल्युकसाचे ३८९ वे आणि पार्थियनांच्या आर्साकेस घराण्याचे ३२५ वे वर्ष लागले. पार्थियन राजा दुसरा पाकोरस याची नाणी साधारण याच वेळी सुरू होतात. तीन हजार वर्षे चाललेली कीलाक्षरे लिहिणारे हातही अजून शिल्लक होते: ज्याचा काळ ठरवता येतो असा आज माहीत असलेला सर्वांत अलीकडचा कीलाक्षरी लेख म्हणजे उरुक इथले ७९-८० या वर्षाचे ग्रहस्थितीचे पंचांग.

इराणी प्रदेशातून आलेल्या शकांनी आपल्याबरोबर 'क्षत्रप' हे इराणी पद आणले, आणि माझ्या मते सलग मोजण्याची सवयही आणली. वायव्येत अझेस या शक राजाच्या नावाची गणना रुळलेली होती. पुढे विक्रम संवत म्हणून जी ओळखली गेली ती हीच, असे अनेक अभ्यासक मानतात. तक्षशिलेच्या धर्मराजिका स्तूपाजवळच्या उत्खननात एक चांदीचा पत्रा सापडला. त्यावर कोरले आहे की अझेसच्या १३६ व्या वर्षी, आषाढ महिन्याच्या पंधराव्या दिवशी, एका बॅक्ट्रियन भक्ताने बुद्धाचे अवशेष इथे स्थापले आणि त्याचे पुण्य कुषाण राजाच्या आरोग्यासाठी अर्पण केले. नेहमीच्या हिशोबाने हे इसवी सन ७९ होते. म्हणजे आपल्या ७८ ला, अझेसच्या १३५ व्या वर्षाला, जेमतेम वर्ष उलटलेले.

आता खाली दख्खनमध्ये येऊ. त्या काळी हा मुलूख श्रीमंत होता आणि म्हणूनच भांडणाचा होता. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे की भडोचच्या बंदरात पैठणचा माल वीस दिवसांची वाट चालून येतो आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले तेर, आहे. सोपारा आणि कल्याण ही बंदरेही त्याला ठाऊक होती. रोममध्ये प्लिनी याने ७७ च्या सुमारास पुऱ्या केलेल्या आपल्या ग्रंथात तक्रार केली की हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स गिळतो. हा प्लिनी ७९ च्या व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला. त्याच्या हिशोबातला पैसा ज्या घाटवाटांनी वर चढत होता, त्यांच्यासाठी एका बाजूला क्षत्रप आणि दुसऱ्या बाजूला सातवाहन झुंजत होते.

या दोघांची वर्षे मोजण्याची रीत शेजारी शेजारी पाहायची तर नाशिकची पांडवलेणी चढावीत. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. वर्ष ४२, वैशाख महिना. लेणे संघाला दिले आणि त्याबरोबर तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दलाला हात न लावता व्याजावर चालणारी ठेव. दोन हजार गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, उरलेले हजार दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने. त्या व्याजातून वर्षावासातल्या भिक्षूंची चीवरे. ज्याला कायमची ठेव ठेवायची आहे त्याला सलग चालणारे वर्ष हवेच असते.

तिथून जवळच तिसरे लेणे आहे. त्यातला गौतमी बलश्रीचा लेख सगळ्या महाराष्ट्राला माहीत असावा अशा योग्यतेचा आहे. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याने शक, यवन, पल्हवांचा नाश केला, क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या कुळाचा, वंश निःशेष केला, असे ही आई अभिमानाने सांगते. नाशिकजवळ जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांच्या ठेव्याने तिच्या शब्दाला साक्ष दिली. नाणी नहपानाची, आणि त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली. पण लेखाचा काळ पाहा: राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीचे वर्ष १९, उन्हाळ्याचा दुसरा पंधरवडा, दिवस तेरावा. महिन्याचे नाव नाही, ऋतू आणि पंधरवडा. आणि वर्ष त्या राजापुरते. पुळुमावी गेला की पुन्हा एक.

सातवाहनांनी सुमारे साडेचार शतकांच्या पुराणोक्त कारकिर्दीत हीच रीत ठेवली. म्हणूनच त्यांचा कालक्रम लावताना अभ्यासकांची पिढ्यान् पिढ्या दमछाक झाली. राजांच्या याद्या आहेत, राज्यवर्षे आहेत, पण खुंटी ठोकायला जागा नाही. ती जागा मिळते शत्रूच्या आकड्यात. जुनागढच्या खडकावर महाक्षत्रप रुद्रदामन याचा वर्ष ७२ चा लेख आहे. त्यात तो म्हणतो की दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला आपण उघड्या लढाईत दोनदा जिंकले, पण जवळच्या नात्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही. कान्हेरीचा एक लेख ते नातेही उलगडतो: सातवाहन राजाची एक राणी कार्दमक कुळातली, महाक्षत्रपाची मुलगी होती. बहात्तरात ७८ मिळवले की इसवी सन १५० येते, आणि त्या एका वर्षावर सातवाहनांच्या साखळीची एक कडी घट्ट बसते.

हे वर्ष ७२ कशापासूनचे? रुद्रदामनाचा आजोबा चष्टन उज्जैनीला राज्य करत होता. टॉलेमीच्या भूगोलात उज्जैन ही 'तियास्तेनेस'ची, म्हणजे चष्टनाची, राजधानी म्हणून नोंदली आहे, आणि पैठण पुळुमावीची. कच्छमधल्या अंधौ या गावी चष्टन आणि रुद्रदामन या दोघांची नावे असलेले वर्ष ५२ चे शिलालेख आहेत. तिथलाच चष्टनाचा वर्ष ११ चा एक लेख डॉ. शोभना गोखले यांनी प्रसिद्ध केला. एकच राजा अकराव्या वर्षीही आहे आणि बावन्नाव्या वर्षीही. या गणनेचे, म्हणजे शकाचे, पहिले वर्ष त्याच्याच सत्तेचे पहिले वर्ष असावे, हा निष्कर्ष मला सर्वांत सरळ वाटतो. पूर्वी हा मान कुषाण सम्राट कनिष्काला दिला जाई. शाळेच्या पुस्तकांतही तसेच होते. १९९३ मध्ये अफगाणिस्तानात रबातक इथे सापडलेल्या शिलालेखाने कनिष्काची वंशावळ स्पष्ट केली, आणि २००१ मध्ये हॅरी फाल्क यांनी 'यवनजातक' या ज्योतिषग्रंथातल्या एका समीकरणावरून कुषाण आणि शक गणनांत १४९ वर्षांचे अंतर काढले. कुषाण गणनेत शतकाचा आकडा गाळला जाई हे धरले की त्यावरून कनिष्काचा आरंभ १२७ च्या आसपास जातो. ७८ ला त्याचा मुकुट अजून दूर होता.

मात्र चष्टनाने गणना सुरू केली एवढ्याने काही घडले नसते. घडले ते त्याच्या वंशजांमुळे. अँटायोकसने बापाचा आकडा जसा मोडला नाही, तसा यांनीही मोडला नाही. पश्चिम क्षत्रपांच्या चांदीच्या छोट्या नाण्यांवर राजाचा मुखवटा असतो आणि दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून त्याच्या डोक्यामागे ब्राह्मी अंकांत वर्ष. तळहातावर घेऊन भिंगाखाली धरले तर शंभर, मग दहाचे चिन्ह, मग एकक असे अंक ओळीने वाचता येतात. चुलत्या-पुतण्यांत गादीसाठी भांडणे झाली, पदव्या बदलल्या, पण त्या नाण्यांवरचा आकडा तीनशेच्या पुढे जाईपर्यंत पळत राहिला. प्राचीन भारतातले इतक्या बारकाईने काळ सांगणारे दुसरे राजघराणे मला माहीत नाही.

चौथ्या शतकाच्या शेवटी, पाचव्याच्या आरंभी गुप्तांनी क्षत्रपांना बुडवले. आकडा तरीही चालत राहिला, कारण तो आता ज्योतिषांच्या हाती गेला होता. उज्जैन हे ज्योतिषाचे केंद्र, आणि उज्जैनचे वर्ष तेच त्यांचे वर्ष. वराहमिहिराने 'पंचसिद्धांतिके'त गणिताचा आरंभ शक ४२७ धरला. म्हणजे इसवी सन ५०५. पण ५०५ हा आकडाच तेव्हा जगात नव्हता. ख्रिस्तजन्मापासून वर्षे मोजायची कल्पना रोममध्ये डायोनिशियस या साधूने मांडली ती त्यानंतर वीस वर्षांनी, ५२५ मध्ये. आपण ज्याला ७८ म्हणतो त्या वर्षाला ७८ हे नाव मिळायला साडेचारशे वर्षे जावी लागली, आणि तोवर शक ४४७ चालू होता.

बदामीच्या चालुक्यांनी ही गणना दख्खनच्या दगडावर आणली. पहिल्या पुलकेशीचा शक ४६५ चा लेख बदामीच्या कड्यावर आहे. मंगलेशाच्या लेण्यातल्या लेखात शक राजाच्या राज्याभिषेकापासून पाचशे वर्षे 'लोटल्यावर' असे म्हटले आहे. या लोटण्यात आपल्या पंचांगाची सगळी खुबी आहे. शक वर्ष हे गत वर्ष: मुलाचे वय सांगताना पूर्ण झालेली वर्षे सांगतो, तसे. म्हणून ७८ च्या चैत्रापासून ७९ च्या फाल्गुनापर्यंतचे वर्ष आपल्या रीतीने शके १ नव्हे. ते शके शून्य. दक्षिणेच्या संवत्सरचक्रात ते मागे नेऊन बसवले तर 'बहुधान्य' हे नाव येते, मात्र हे चक्र या स्वरूपात त्या काळी रूढ नव्हते.

ऐहोळेच्या मेगुती मंदिरावर रविकीर्ती या कवीने दोन गणना एकत्र कोरल्या: भारतयुद्धापासून ३७३५ वर्षे आणि शक राजांची ५५६. वजाबाकी केली की ३१७९ उरतात. हाच आकडा पाच शतकांनी भास्कराचार्यांकडे सापडतो: कलीची ३१७९ वर्षे गेल्यावर शकाचा आरंभ. जैन परंपरा तर महिन्यापर्यंत उतरते. महावीरांच्या निर्वाणानंतर ६०५ वर्षे आणि ५ महिन्यांनी शक राजा झाला, असे तिचे सांगणे. सिंहली बौद्धांच्या हिशोबात हे बुद्धाच्या परिनिर्वाणानंतरचे ६२२ वे वर्ष. सगळ्यांनी आपापल्या काळाची दोरी या एकाच खुंटीला आणून बांधली. १०३० च्या सुमारास अल्बेरुनी हिंदुस्थानाविषयी लिहायला बसला तेव्हा त्यानेही नमुन्यादाखल एक वर्ष निवडले: इराणी यज्दगर्दी ४००, शक ९५३, विक्रम १०८८. आज आपण हे जे करतो आहोत, ते त्याने हजार वर्षांपूर्वी जास्त चोखपणे करून ठेवले आहे.

अल्बेरुनीने ऐकले होते की शक नावाचा जुलमी राजा विक्रमादित्याने मारला, त्याची ही गणना. म्हणजे तोवर शक राजाच्या राज्यारोहणाचे वर्ष लोकांच्या बोलण्यात शक राजाच्या मरणाचे वर्ष झाले होते. मग तेराव्या-चौदाव्या शतकांत शालिवाहनाचे नाव या गणनेला जोडले जाऊ लागले आणि विजयनगरच्या लेखांतून ते पक्के झाले. पैठणच्या शालिवाहनाने मातीचे सैनिक करून त्यांत प्राण फुंकले आणि शत्रूचा पाडाव केला, ही कथा गुढीपाडव्याला घरोघर सांगितली जाते. 'शालिवाहन' हे 'सातवाहन'चेच रूप. ज्या घराण्याने ही गणना एकदाही वापरली नाही, त्याचेच नाव तिला मिळाले. मला यात लबाडी दिसत नाही. गौतमीपुत्राचा विजय आठवणीत खोल रुतलेला होता आणि रोजच्या वापरातले वर्षही जवळचे होते. लोकांनी दोन्ही एकत्र ठेवली. ज्ञानेश्वरी पूर्ण झाली शके १२१२ मध्ये, शिवरायांचा राज्याभिषेक झाला शके १५९६ मध्ये, आनंदनाम संवत्सरात. चष्टनाच्या आकड्याशिवाय मराठी इतिहासाची एकही तिथी सांगता येत नाही.

हा आकडा समुद्रापारही गेला. कंबोडियातल्या सांबोर इथल्या लेखात शक ६०५ असे अंकांत लिहिले आहे आणि मधल्या शून्याच्या जागी एक ठिपका आहे. काळ निश्चित असलेल्या सर्वांत जुन्या शून्यांमध्ये त्याची गणना होते. फिलिपीन्समध्ये सापडलेल्या लगूना ताम्रपटावर शक ८२२ आहे. बाली बेटावर आजही शकाचे नवे वर्ष पाळले जाते.

स्वातंत्र्यानंतर देशात सुमारे तीस पंचांगे चालू होती. १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगशुद्धीसाठी समिती नेमली गेली. गणना कोणती घ्यायची, यात समितीने शकच निवडला. ज्योतिषाचे बहुतेक ग्रंथ त्यातच मोजत आले होते. महिने मात्र चंद्रावरून सोडवून सूर्याला बांधले. १ चैत्र १८७९ हा राष्ट्रीय पंचांगाचा पहिला दिवस २२ मार्च १९५७ रोजी उगवला. आपल्याकडचा गुढीपाडवा त्यानंतर दहा दिवसांनी, १ एप्रिलला आला. शक मात्र दोन्हीकडे १८७९ च होता.